केटनचा कळप : कोलिंग घराणं, फेव्हरिट वळू आणि शॉर्टहॉर्नची घडण

११ ऑक्टोबर १८१० रोजी इंग्लंडच्या डरहॅम परगण्यात, डार्लिंग्टनजवळच्या केटन इथं चार्ल्स कोलिंग या शेतकऱ्याने आपला सगळा गोठा लिलावात काढला. लहानमोठी मिळून ४७ जनावरं होती. संध्याकाळपर्यंत ७,११५ पौंडांवर रक्कम जमा झाली, म्हणजे जनावरामागे सरासरी १५१ पौंड. त्यातल्या कॉमेट नावाच्या सहा वर्षांच्या वळूवर बोली चढत चढत १,००० गिनींवर थांबली. चौघांनी भागीत घेतला तो. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, पौंडाहून एक शिलिंग जास्त. त्या काळच्या शेतमजुराची पंचवीस-तीस वर्षांची मजुरी एका वळूवर लागली होती. एवढी किंमत याआधी कुठल्याच वळूला मिळाली नव्हती.

चार्ल्सने बापाकडून केटनची शेती हाती घेतली ती १७८२ च्या सुमारास. म्हणजे २८ वर्षांत एका कुळाने, एका नदीखोऱ्यातल्या साध्या गुरांमधून, शॉर्टहॉर्न, म्हणजे आखूड शिंगांची, ही जगभर जाणारी जात उभी केली. हे कसं झालं, कुठल्या निर्णयाने झालं आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे या प्रकरणात पाहायचं आहे. पशुपैदाशीत इतकी बारीक नोंद असलेली जुनी उदाहरणं फार थोडी आहेत. शिवाय या नोंदीत आकडेमोड करून तपासता येईल असा ऐवज आहे, म्हणून ती माझ्या मते आजही वाचण्याजोगी आहे.

माणसं आणि मुलूख

टीज नदीच्या दोन्ही तीरांवर, डरहॅम आणि यॉर्कशायरमध्ये, आखूड शिंगांची दांडगी गुरं पूर्वीपासून होती. टीजवॉटर म्हणत त्यांना. अंगाने मोठी, दुधाला चांगली, पण हाडं जाड आणि मांस भरायला उशीर. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात गावांची शहरं होत होती आणि शहरांना मांस हवं होतं, मेणबत्त्यांसाठी चरबी हवी होती. नांगराला बैलांऐवजी घोडे जुंपले जात होते. त्यामुळे गुराकडे पाहण्याची नजर बदलली: ते किती ओढतं यापेक्षा किती लवकर आणि किती कमी चाऱ्यात भरतं, हा प्रश्न पुढे आला. खाटकासाठीच जनावर वाढवण्याचा हा व्यवहार आपल्याकडच्या बैलपोळ्याच्या मनाला परका वाटेल, पण तो तसाच समजून घेतल्याशिवाय या कुळाचं काम कळणार नाही.

कोलिंग भाऊ दोघे. थोरला रॉबर्ट, जन्म १७४९. धाकटा चार्ल्स, जन्म १७५१. रॉबर्टला आधी किराणा व्यापाऱ्याकडे उमेदवारीला ठेवलं होतं. प्रकृती मानवेना म्हणून तो शेतीकडे वळला आणि केटनजवळच बार्म्प्टनला त्याने शेत घेतलं. दोघांचे गोठे वेगळे, पण वळू एकमेकांकडे जात-येत. चार्ल्सची बायको मेरी हिचं नाव या इतिहासात सहसा ओझरतं येतं. ती गोठ्यात नवऱ्याइतकीच रमायची आणि जनावरांची तिला उत्तम पारख होती, असं तिच्या काळच्या लोकांनी नोंदवलं आहे.

चार्ल्सने लेस्टरशायरमधल्या डिशलीला जाऊन रॉबर्ट बेकवेल यांचं काम पाहिलं होतं. बेकवेल यांची शिकवण थोडक्यात अशी: आपल्याला हवा तो गुण आधी ठरवा, तो ज्या जनावरात दिसतो ते निवडा, आणि तो गुण पक्का होईपर्यंत त्याच रक्तातल्या नर-मादीचा संकर करत राहा. सख्ख्या नात्यात संकर केला तर संतती बिघडते, या सर्वसाधारण समजुतीच्या हे अगदी उलट होतं. बेकवेल यांनी लांब शिंगांच्या गुरांवर ज्या कष्टाने काम केलं, ती त्यांची गुरं पुढे मागे पडली. त्यांची पद्धत मात्र टीजच्या खोऱ्यात आखूड शिंगांच्या गुरांवर फळाला आली.

हबॅक आणि मेनार्डची गाय

सुरुवात एका बुटक्या वळूने झाली. त्याचं नाव हबॅक. त्याची आई एका गरीब माणसाची, रस्त्याकडेच्या गवतावर चरणारी. रॉबर्ट कोलिंगने एका शेजाऱ्याबरोबर भागीत तो घेतला आणि नंतर चार्ल्सने तो आपल्याकडे नेला. किंमत दहा गिनींच्या आसपास. मोठ्या अंगाच्या गुरांच्या मुलखात लहान चणीचा वळू कोण पसंत करणार? पण हबॅकची कातडी हाताला मऊ लागायची, केस दाट आणि मखमली होते आणि साध्या चाऱ्यावर तो भरायचा. कोलिंग भाऊ जनावर डोळ्यांनी पाहत तेवढंच हातांनीही. फासळ्यांवरून आणि कुल्ह्यावरून हात फिरवून, कातडीखाली मांस कसं बसतंय ते जोखत. हबॅकमध्ये त्यांना हवं ते सापडलं. चार्ल्सने त्याला फार काळ ठेवलं मात्र नाही. त्याच्या मुलींचं मोल कळेपर्यंत तो विकला गेला होता. हबॅकच्या एका मुलीचा मुलगा फोल्जांब. या वळूने आपल्या गोठ्याचं सर्वांत जास्त भलं केलं, असं चार्ल्स म्हणायचा अशी आठवण सांगितली जाते.

दुसरा पाया एका गाईचा. टीजच्या यॉर्कशायरच्या बाजूला एरिहोम इथं मेनार्ड नावाचे शेतकरी होते. त्यांच्याकडून चार्ल्सने एक गाय आणि तिची कालवड विकत घेतली. गाईला लेडी मेनार्ड आणि कालवडीला यंग स्ट्रॉबेरी म्हणू लागले. पुढचं जवळजवळ सगळं या माय-लेकींतून आणि फोल्जांबमधून उभं राहिलं.

फोल्जांब आणि लेडी मेनार्ड यांची मुलगी फिनिक्स. फोल्जांब आणि यंग स्ट्रॉबेरी यांचा मुलगा बोलिंगब्रोक. म्हणजे बाप एकच, आणि एकाची आजी ती दुसरीची आई. या दोघांना चार्ल्सने एकत्र आणलं आणि १७९३ मध्ये वळू झाला: फेव्हरिट.

निर्णय

इथपर्यंत चार्ल्सने जे केलं ते त्या काळातल्या एखाद्या धाडसी शेतकऱ्यानेही केलं असतं. पुढचं पाऊल वेगळं होतं. त्याने फेव्हरिट त्याच्याच आईला, फिनिक्सला दिला. त्यातून झालेली कालवड यंग फिनिक्स. ती वयात आल्यावर तिलाही पुन्हा फेव्हरिटच दिला. फेव्हरिट तिचा बाप, आणि तिची आई फिनिक्स ही फेव्हरिटचीही आई, म्हणून तो तिचा भाऊही. या संकरातून १८०४ मध्ये जन्मला तो कॉमेट.

हे अंधारात मारलेले बाण नव्हते. फेव्हरिट वर्षानुवर्षं गोठ्यातल्या बहुतेक गाईंना दिला जात होता. त्याच्या मुली, मग नाती. ज्या वळूची संतती डोळ्यांसमोर तपासून झाली आहे, त्याच्या तोडीचा दुसरा वळू बाहेर दिसत नसेल, तर बाहेरचं रक्त आणून मिळवलेलं का घालवायचं, असा हा हिशेब होता. रॉबर्टच्या गोठ्यात तर फेव्हरिट आधी मुलीला, मग नातीला, मग पणतीला दिला गेला. त्यातून झालेल्या गाईत सोळापैकी पंधरा हिस्से फेव्हरिटचे होते. १८६८ साली चार्ल्स डार्विन यांनी या वंशाचा मुद्दाम उल्लेख केला. एवढ्या जवळच्या संकरानंतरही या गाईच्या वंशात मोलाची जनावरं झाली, याचं त्यांनाही महत्त्व वाटलं.

आता आकडेमोड. अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातला संकर, मोजायची रीत अमेरिकन शास्त्रज्ञ सीवॉल राइट यांनी १९२०-२२ च्या सुमारास मांडली. आपल्या पशुवैद्यक महाविद्यालयांत आजही तीच शिकवतात. साध्या भाषेत, एखाद्या जनावराला आईकडून आणि बापाकडून एकाच पूर्वजाचा तोच जनुक मिळण्याची शक्यता किती, ते ती सांगते. सख्ख्या बहीण-भावांच्या किंवा बाप-लेकीच्या संकरात, बाकी काही नातं नसेल तर, हा आकडा २५ टक्के येतो. फेव्हरिटच्या बाबतीत फोल्जांबकडून साडेबारा आणि लेडी मेनार्डकडून सव्वासहा, असे जवळपास १९ टक्के होतात. यंग फिनिक्सचे ३४ च्या पुढे. कॉमेटचे सुमारे ४७. वंशावळ समोर घेऊन कोणालाही हे कागदावर करून पाहता येईल, आणि पैदाशीच्या विद्यार्थ्याने एकदा तरी ते स्वतःच्या हाताने करावं असं मला मनापासून वाटतं.

राइट यांनी हीच रीत पुढे संपूर्ण शॉर्टहॉर्न जातीला लावली. १९२० च्या सुमाराच्या शॉर्टहॉर्न जनावरांचं फेव्हरिटशी सरासरी नातं ५५ टक्के निघालं. सामान्यतः बापाचं मुलाशी नातं ५० टक्के असतं. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मेलेला हा वळू एका अख्ख्या जातीला बापापेक्षा जवळचा होता.

इतकं करूनही कळप कोसळला का नाही?

या प्रश्नाचं उत्तर मला तीन ठिकाणी दिसतं.

पहिलं, नशीब. फोल्जांब, लेडी मेनार्ड आणि हबॅकची लेक या मोजक्या जनावरांत घातक दोष फार नसावेत. दुसरं पाच-सात जनावरांचं टोळकं निवडलं असतं तर तिसऱ्या पिढीत गाई फळल्याच नसत्या, असं घडणं सहज शक्य होतं. जवळच्या रक्तात संकर करून संपलेले गोठे इंग्लंडातही कमी झाले नसतील. त्यांच्या गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत, एवढंच.

दुसरं, खाटीक. जे वासरू मनासारखं निघालं नाही ते पैदाशीत राहिलंच नाही. वंशावळीच्या वहीत आज जी नावं दिसतात ती उरलेल्यांची आहेत. जी कमकुवत निघाली, वयात आलीच नाहीत किंवा गाभण राहिली नाहीत, त्यांची नोंद नाही. कॉमेटची वंशावळ वाचून ‘बघा, जवळच्या संकराने काही बिघडत नाही’ असं म्हणणारा माणूस ही गाळणी विसरतो.

तिसरं, आणि ते मला सर्वांत बोलकं वाटतं: कोलिंगने स्वतःच बाहेरचं रक्त एकदा आत घेतलं होतं. हेइंग्टनच्या कर्नल ओकॅलॅहन यांच्याकडे स्कॉटलंडच्या गॅलोवे जातीच्या बिनशिंगी गाई होत्या. त्यांना बोलिंगब्रोक द्यायचा, गोऱ्हा झाला तर चार्ल्सचा, कालवड झाली तर कर्नलची, असा ठराव झाला. गोऱ्हा झाला. त्या अर्ध्या गॅलोवे वळूचा एका जुन्या शॉर्टहॉर्न गाईपासून झालेला मुलगा पाव गॅलोवे. तो म्हाताऱ्या फिनिक्सला दिला आणि लेडी नावाची कालवड मिळाली; तिच्यात आठवा हिस्सा बाहेरचा. हे कळल्यावर प्रतिस्पर्ध्यांनी तिच्या वंशाला भेसळीचं घराणं म्हणून हिणवलं. पण १८१० च्या लिलावात चौदा वर्षांच्या लेडीला २०६ गिनी मिळाल्या आणि तिच्या काउंटेस या मुलीला ४००. बोली लावणाऱ्यांच्या डोळ्यांना जनावर दिसत होतं, आणि ते पुरेसं होतं.

शुद्धतेचा हट्ट कोलिंगचा नव्हता, असं यावरून मी म्हणतो. तो नंतरच्यांचा.

गावोगाव फिरलेला बैल

आपलं जनावर लोकांनी पाहिल्याशिवाय त्याला भाव येत नाही, हे या भावांना नीट कळलं होतं. १७९६ मध्ये फेव्हरिटपासून एका बाजारातून आणलेल्या साध्या गाईला गोऱ्हा झाला. तो खच्ची करून खाऊ-पिऊ घालून वाढवला. हाच पुढे ‘डरहॅम ऑक्स’ म्हणून गाजला. १८०१ मध्ये तो प्रदर्शनासाठी १४० पौंडांना विकला गेला. थोड्याच महिन्यांत तो २५० पौंडांना जॉन डे यांच्याकडे आला. डे यांनी खास गाडी बनवून घेतली आणि जवळपास सहा वर्षं इंग्लंड-स्कॉटलंडभर त्याला फिरवलं. लोक पैसे देऊन पाहायला येत. २,००० पौंडांची मागणीही डे यांनी नाकारली. बैलाचं वजन शेवटी २७० स्टोन, म्हणजे १,७०० किलोच्या वर सांगितलं जायचं. १८०७ मध्ये ऑक्सफर्डला त्याचा खुबा निखळला, तो बरा होईना, आणि काही आठवड्यांनी त्याला कापावं लागलं. तोवर त्याची छापील चित्रं हजारोंनी घरोघर गेली होती. त्याच्या नावाच्या दारूच्या दुकानांच्या पाट्या इंग्लंडात अजून सापडतात. रॉबर्टनेही फेव्हरिटचीच एक पांढरी कालवड अशीच फिरवली. तिला कधी वासरू झालं नाही. जाहिरात मात्र भरपूर झाली.

इथं एक बारकावा सुटू नये. हा बैल कुळवंत गाईचा नव्हता. आई कोणीही असो, फेव्हरिटच्या पोटी असं जनावर होतं, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. साध्या शेतकऱ्याला चांगल्या वळूचा उपयोग तोच.

लिलावानंतर

लिलावाच्या निमित्ताने पन्नासहून अधिक पैदासकारांनी वर्गणी काढून चार्ल्सला चांदीचं पात्र दिलं. रॉबर्टने आपला मुख्य गोठा १८१८ मध्ये विकला. ६१ जनावरांचे ७,८५२ पौंड आले. तो १८२० मध्ये वारला. उरलेली जनावरं त्याच वर्षी विकली गेली तेव्हा नेपोलियनच्या युद्धानंतरची मंदी आली होती, भाव पुष्कळ उतरले होते. चार्ल्स १८३६ पर्यंत जगला. त्या घरचा कळप या लिलावांतच संपला. रक्त मात्र बूथ आणि बेट्स या दोन मोठ्या पैदासकार घराण्यांकडे गेलं.

१८२२ मध्ये जॉर्ज कोट्स यांनी शॉर्टहॉर्नची पहिली वंशावळ-वही छापली. गुरांची अशी छापील वही जगात ही पहिली. त्यात वळूंना अक्षरक्रमाने आकडे दिले आहेत: बोलिंगब्रोक ८६, कॉमेट १५५, फेव्हरिट २५२, फोल्जांब २६३, हबॅक ३१९. कोलिंग भावांच्या डोक्यात आणि टिपणांत जे होतं ते आता कोणालाही वाचता येऊ लागलं. मोठी सोय झाली, आणि तिथूनच एक आजारही सुरू झाला.

टॉमस बेट्स यांनी १८०४ मध्ये चार्ल्सकडून डचेस नावाची गाय १०० गिनींना घेतली होती आणि १८१० च्या लिलावात तिच्याच कुळातली यंग डचेस १८३ गिनींना. त्यांनी हे घराणं जिवापाड जपलं. बेट्स स्वतः पारखी होते आणि वेळ आली तेव्हा बाहेरचा वळूही त्यांनी वापरला. पण त्यांच्या पश्चात खरेदीदारांना डचेस हे नाव हवं झालं. नाव असलं की जनावर नीट न पाहताही बोली लागे. या गाई कमी फळायच्या, त्यामुळे त्या दुर्मीळ झाल्या, आणि दुर्मीळ झाल्या म्हणून आणखी महाग. वांझपणाकडे झुकलेला वंश त्या दोषामुळेच मौल्यवान ठरावा, हे वाचताना आजही वाईट वाटतं. १८७३ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क मिल्स इथल्या लिलावात एट्थ डचेस ऑफ जिनीव्हा या गाईला ४०,६०० डॉलर पडले. पुढे ती फार जगली नाही, आणि काही वर्षांत तो बाजारही बसला.

१८५६ च्या सुमारास पाटण्याचे कमिशनर टेलर यांनी शॉर्टहॉर्न वळू बिहारात आणले. तिथल्या गाईंशी झालेल्या त्यांच्या संकरातून टेलर जातीच्या दुधाळ गाई झाल्या. भारतातल्या संकराच्या सुरुवातीच्या प्रयोगांत तो मोजला जातो.

आपल्याकडे आज एका वळूच्या गोठवलेल्या रेतमात्रा जिल्हाभर जातात. जवळच्या रक्तातला जो संकर साधायला चार्ल्सला दहा-पंधरा वर्षं लागली तो आपल्याकडे दोन वेतांत नकळत होऊ शकतो, तेही कुठलीच वासरं न गाळता. म्हणून गाय भरवताना वळूचा क्रमांक कार्डावर लिहून ठेवणं आणि कालवड मोठी झाल्यावर तो काढून पाहणं, इतकं तरी प्रत्येक गोठ्यात व्हायला हवं. खिल्लार, डांगी, देवणी यांच्यासारख्या जातींत चांगले वळू मुळातच मोजके आहेत. तिथं हे काम टाळणं परवडणारं नाही.

शॉर्टहॉर्नला मांसाची जात म्हणून दुसरं आयुष्य मिळालं ते स्कॉटलंडमध्ये. अ‍ॅबर्डीनशायरच्या सिटिटनला एमॉस क्रुकशँक यांनी १८३७ पासून कळप वाढवला. डचेसच्या किमतीशी त्यांना कर्तव्य नव्हतं. कडक हिवाळ्यात टिकणारं, आखूड पायांचं, फासळ्यांवर दाट मांस धरणारं, खंडाने शेती करणाऱ्याला खंड भरायला मदत करणारं जनावर त्यांना हवं होतं. त्यासाठी ते ठिकठिकाणचे वळू आणून पाहत राहिले. १८५९ मध्ये त्यांच्याच गोठ्यात चॅम्पियन ऑफ इंग्लंड जन्मला. प्रदर्शनांत त्याला मान मिळाला नाही. क्रुकशँक यांनी त्याच्या पाठीवरून आणि फासळ्यांवरून हात फिरवून तो ठेवून घेतला, आणि पुढे त्याच्या मुलां-नातवांवरच कळप बांधला. अमेरिका आणि कॅनडातल्या मांसाच्या शॉर्टहॉर्न कळपांत त्याच वळूचा वंश पसरला.